पहिल्या दुधाची ठेव

गेल्या काही वर्षांत औषधांच्या दुकानांत आणि आरोग्यवर्धक वस्तूंच्या जाहिरातींत ‘कोलोस्ट्रम’ हा शब्द वारंवार दिसू लागला आहे. चूर्णाचे डबे, कॅप्सूलच्या बाटल्या, मुलांसाठी चघळण्याच्या गोळ्या अशा अनेक रूपांत ते विकले जाते. त्याची किंमत दुधाच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही. वेष्टनावर रोगप्रतिकारशक्तीचे आणि आतड्याच्या रक्षणाचे आश्वासन असते. मुलाने किंवा सुनेने काळजीपोटी ही बाटली आणून ज्या ज्येष्ठांच्या उशाशी ठेवलेली असते, त्यांतील कित्येकांना हे ठाऊकही नसते, की हा भारदस्त शब्द म्हणजे गोठ्यातला जुनाच चीक होय.

गाय किंवा म्हैस व्याली, की पहिल्या धारांचे दूध नेहमीसारखे नसते. ते दाट, चिकट आणि पिवळसर असते. दर धारेगणिक त्याचा रंग व दाटपणा उतरत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी साधे दूध सुरू होते. या दोन-तीन दिवसांच्या दुधात असे काय असते, ते कोणापासून कोणाचे रक्षण करते आणि वासरासाठी निर्माण झालेली ही वस्तू प्रौढ माणसाच्या किती उपयोगाची, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. जाहिरातीत ते एकाच वाक्यात उरकले जातात. खरेदी करणाऱ्याने मात्र ते सुटे करून पाहिलेले बरे.

आधी शत्रूची ओळख करून घेतली पाहिजे. माणसाच्या आतड्यात जीवाणूंची एवढी दाट वस्ती असते, की त्यांची संख्या शरीरातील पेशींच्या संख्येशी जवळजवळ बरोबरी करते. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी आणि पुष्कळसे उपकारकही असतात. तथापि त्यांच्यातील एका मोठ्या वर्गाच्या बाहेरच्या कवचात मेद आणि शर्करा यांचा एक जोडरेणू असतो. जीवाणू जिवंत असेपर्यंत हा रेणू बव्हंशी कवचातच जखडलेला असतो. जीवाणू मेला आणि फुटला, की तो सुटा होतो. जीवाणूने बाहेर टाकलेले हे विष नाही, त्याच्या अंगाचाच तो भाग आहे. म्हणून त्याला अंतर्विष म्हणतात.

आतड्याच्या पोकळीत हे अंतर्विष सदैव असते आणि तेथे असताना काही बिघडत नाही. तेच रक्तात शिरले, तर चित्र पालटते. संशोधनासाठी स्वखुशीने पुढे आलेल्या निरोगी माणसांना शरीराच्या दर किलो वजनामागे २ ते ४ नॅनोग्रॅम एवढेच अंतर्विष शिरेतून दिले, तरी तासा-दोन तासांत त्यांना हुडहुडी भरते, ताप चढतो, डोके दुखू लागते. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. साठ किलो वजनाच्या माणसाला थंडी वाजवण्यासाठी लागणारी ही मात्रा मिठाच्या एका कणाचे शंभराहून अधिक तुकडे केले, तर त्यांतील एखाद्या तुकड्याएवढी भरेल.

एवढे जहाल द्रव्य पोटात बाळगून माणूस सुखाने जगतो, तो आतड्याच्या अस्तराच्या जोरावर. हे अस्तर एका पेशीच्या जाडीचे असते आणि दर तीन ते पाच दिवसांनी ते जवळजवळ संपूर्ण नवे होते. पेशी-पेशींमधील सांधे घट्ट असतात, वर श्लेष्म्याचा थर असतो आणि त्यातूनही जे थोडेफार निसटते, ते यकृतात अडवले जाते. तीव्र रक्तस्राव, मोठी शस्त्रक्रिया, गंभीर भाजणे, उष्माघात, अतिमद्यपान अशा प्रसंगी हे सांधे सैल होतात. काही वेदनाशामक गोळ्यांचाही अस्तरावर असाच परिणाम होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर हे अस्तर मुळातच कच्चे असते. अंतर्विषाची वर्दी शरीराला देणारा पेशीवरील पहारेकरी कोणता, हे १९९८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस ब्यूटलर यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढले आणि त्या कार्यासाठी २०११ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. पहारेकऱ्याने योग्य वेळी दिलेली हाक प्राण वाचवते. तो अवेळी आणि अखंड ओरडत राहिला, तर शरीर स्वतःच्याच दाहाने खचते.

अंतर्विषाचा शोध मात्र त्याच्या शंभर वर्षे आधीचा. बर्लिनमध्ये रॉबर्ट कोख यांच्या संस्थेत रिचर्ड फायफर हे पटकीच्या जंतूंवर काम करीत होते. १८९२ हे साल. त्याच वर्षी हॅम्बर्ग शहरात पटकीने साडेआठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. घटसर्प व धनुर्वात यांचे जंतू आपले विष बाहेर सोडतात, हे तोवर कळून चुकले होते. फायफर यांना आढळले ते निराळेच. उष्णतेने मारलेले पटकीचे जंतूही गिनीपिगच्या जिवावर उठत होते. म्हणजे विष जंतूच्या देहातच होते आणि जंतू मारल्याने ते मरत नव्हते.

त्याच संस्थेत आणि त्याच वर्षी पॉल एर्लिख हे उंदरांवर एक वेगळाच प्रयोग करीत होते. त्यासाठी त्यांनी वापरलेली विषे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत: एक गुंजेच्या बीतले, दुसरे एरंडीच्या बीतले. थोडी थोडी मात्रा देऊन काही माद्या त्यांनी या विषांना सरावलेल्या केल्या आणि मग पिल्लांची अदलाबदल केली. साध्या मादीची पिल्ले सरावलेल्या मादीच्या अंगावर पाजली, तेव्हा त्यांच्यात विषाला तोंड देण्याची शक्ती आली. जन्मदात्रीकडून काहीही न मिळालेल्या पिल्लाला दाईच्या दुधातून संरक्षण मिळाले. एका छपराखाली, एकाच वर्षी, एकाने विष ओळखले आणि दुसऱ्याने आईच्या दुधातली ढाल ओळखली. या दोन धाग्यांची गाठ पडायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

ती गाठ प्रथम माणसाच्या घरात नव्हे, गोठ्यात पडली. १९२२ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेच्या पशुरोग विभागात थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी नवजात वासरांचे दोन गट केले. एका गटाला चीक मिळाला, दुसऱ्याला चीक न देता साधे दूध पाजले. चीक मिळालेली वासरे तगली. न मिळालेली बहुतेक काही दिवसांत दगावली आणि त्यांच्या अवयवांत आतड्यातलेच सामान्य जीवाणू पसरलेले सापडले. दूध दोन्ही गटांना मिळत होते, पोषणात खोट नव्हती. उणीव होती ती पहिल्या दिवसाच्या दुधाची.

याचे कारण गाईच्या वारेच्या रचनेत आहे. गाय, म्हैस, शेळी यांच्या वारेतून मातेच्या रक्तातील प्रतिपिंड गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जन्मते तेव्हा या खात्यावर त्याची शिल्लक शून्य असते. निसर्गाने ही रक्कम दुसऱ्या मार्गाने देण्याची व्यवस्था केली आहे. विण्यापूर्वीच्या शेवटच्या काही आठवड्यांत गाईच्या रक्तातील प्रतिपिंड कासेत साठू लागतात. चांगल्या चिकात ते लिटरमागे ५० ग्रॅम किंवा अधिक असतात. वासराच्या आतड्याचे अस्तरही पहिले काही तास हे मोठे रेणू न पचवता जसेच्या तसे रक्तात घेते. ही खिडकी सुमारे २४ तासांत बंद होते आणि तिची घडी पहिल्या तासापासूनच आवळू लागते. म्हणून पशुवैद्य सांगतात, की वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक त्याला पहिल्या दिवसात मिळावा आणि त्यातला पहिला घोट जन्मल्यापासून तासा-दोन तासांच्या आत. वार पडेपर्यंत वासराला पाजू नये, ही काही ठिकाणची समजूत या हिशेबाने वासराला फार महाग पडते. मुदत टळल्यावर भरलेली रक्कम या खात्यात जमा होत नाही.

रक्तात गेलेले प्रतिपिंड ही ठेवीची एक बाजू. दुसरी बाजू आतड्यातच राहते आणि प्रस्तुत विषयाशी तिचाच संबंध अधिक आहे. चिकातील काही प्रतिपिंड आतड्याच्या पोकळीतच जीवाणूंना आणि त्यांच्या विषांना चिकटतात व त्यांना भिंतीपर्यंत पोहोचू देत नाहीत. लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन लोह अडवून जीवाणूंची वाढ रोखते आणि अंतर्विषाच्या मेदाच्या टोकाला बिलगून त्याची धार बोथट करते. शिवाय चिकात पेशींच्या वाढीला चालना देणारे घटक असतात. ते अस्तराची डागडुजी करतात. बाहेर पहारा, मध्ये विषाची वेसण आणि मागे गवंडीकाम, अशी ही व्यवस्था आहे.

येथे खरवसाचा उल्लेख अटळ आहे, कारण चीक म्हटले की महाराष्ट्रात पहिली आठवण त्याचीच होते. गूळ-वेलदोडा घालून वाफवलेला चीक वड्या पडतील असा घट्ट होतो. साधे दूध कितीही वाफवले, तरी असे थिजत नाही. चीक थिजतो तो त्यातील विपुल प्रथिनांमुळे. त्यांत प्रतिपिंडांचा वाटा मोठा असतो आणि उष्णतेने ती गोठतात. म्हणजे ज्या द्रव्यामुळे वासराचे प्राण वाचतात, तेच गोठून खरवसाची वडी होते आणि गोठताना आपला संरक्षक गुण गमावते. खरवस पौष्टिक आहे, रुचकर आहे; पण त्याने आतड्याचे विष अडते, असे मानण्यास आधार नाही. याउलट ‘गुण जाऊ नये’ म्हणून निरसा चीक पिणे हेही शहाणपणाचे नाही. निरशा दुधातून क्षय आणि ब्रुसेला यांसारखे रोग माणसाला होऊ शकतात. (मिठाईच्या दुकानातला बारमाही खरवस अनेकदा दूधभुकटी आणि चायना ग्रास यांचा बनलेला असतो. त्याचा तर या चर्चेशीही संबंध नाही.)

आता प्रौढ माणूस. गाईचा चीक माणसाला औषध म्हणून द्यावा, ही कल्पना प्रयोगशाळेत नीट तपासली गेली ती १९८० नंतर. त्यातील सर्वांत ठळक प्रयोग १९८८ मध्ये अमेरिकेत कॅरोल टॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. प्रवाशांना जुलाब लावणाऱ्या जीवाणूची लस गाईंना टोचून त्यांच्या दुधातून प्रतिपिंडांचा अर्क काढण्यात आला. दहा स्वयंसेवकांना तो अर्क आणि दहांना दिसायला तसेच, पण त्या जीवाणूविरुद्धचे प्रतिपिंड नसलेले द्रव्य देऊन सर्वांना तो जीवाणू पाजण्यात आला. दुसऱ्या गटातील नऊ जणांना जुलाब झाले, अर्क घेतलेल्यांपैकी एकालाही झाले नाहीत. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी रुग्णालयात दाखल मुलांना रोटाव्हायरसविरुद्ध तयार केलेला चीक दिला आणि त्यातही चांगले संरक्षण दिसले.

हे निकाल भक्कम आहेत, परंतु त्यांच्या अटी वाचल्याशिवाय त्यांवर सही करू नये. गाईंना त्या विशिष्ट रोगाची लस मुद्दाम दिलेली होती. अर्क रोगाच्या आधीपासून, ठरावीक मात्रेत दिला होता. संरक्षण आतड्याच्या पोकळीत आणि ते घेत असेपर्यंतच होते. प्रौढ माणसाच्या आतड्यातून प्रतिपिंड वासराप्रमाणे रक्तात जात नाहीत. जठरातील आम्ल व पाचकरस यांतून त्यांचा काही भागच निभावतो. सामान्य गोठ्यातील चीक वाळवून भरलेल्या कॅप्सूलला या प्रयोगांचे श्रेय आपोआप मिळत नाही.

प्रत्यक्ष अंतर्विषाबाबतचे पुरावे याहून पातळ आहेत. उंदरांवरील प्रयोगांत चीक दिल्यावर आतड्यातून रक्तात झिरपणारे अंतर्विष कमी झालेले दिसले. जर्मनीत पोटाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही रुग्णांना चिकाचे पेय देऊन तशीच आशादायक नोंद झाली. पण रुग्णांची संख्या लहान होती आणि त्यावरून शस्त्रक्रियागृहाचा नित्यक्रम बदलावा, असे झाले नाही. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये रेमंड प्लेफर्ड यांच्या गटाने १२ निरोगी स्वयंसेवकांना दमछाक होईपर्यंत धावायला लावले. अशा श्रमाने आतड्याचे सांधे तात्पुरते सैल होतात आणि त्यांतील पाझर सुमारे अडीचपट होतो. दोन आठवडे रोज २० ग्रॅम चिकाचे चूर्ण घेतल्यावर मात्र ही वाढ बरीचशी रोखली गेली. याच्या दोन वर्षे आधी ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात धावण्याचा सराव करणाऱ्यांना आठ आठवडे रोज ६० ग्रॅम दिले, तेव्हा पाझर उलट वाढलेला आढळला होता. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. मात्रा, मुदत आणि मोजण्याची पद्धत यांत फरक आहे, आणि म्हणूनच ‘चीक आतडे सुधारतो’ असे सरसकट विधान करता येत नाही.

ज्याला आकडे आवडतात, त्याने येथे एक साधा गुणाकार करावा. त्या धावकांच्या अभ्यासातील रोजची मात्रा २० ग्रॅम. एक कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची धरली, तर तेवढ्यासाठी रोज ४० कॅप्सूल लागतील. बाटलीवर मात्र दिवसाला एक किंवा दोन असे लिहिलेले असते. बाटलीची किंमत त्या हिशेबाने पुन्हा मांडली, की औषध महाग आहे की निरर्थक, हा प्रश्न उरतो; स्वस्त आहे असा पर्याय उरत नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी तर ते घेऊच नये. आणखी एक बाब समाजातील वाचकांसाठी: चूर्ण दुधाचे असले, तरी कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. वेष्टनावरील बारीक अक्षरे भिंगातून वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

साठी-सत्तरीतल्या माणसाला आतड्याच्या अस्तराची काळजी असेल, तर त्याने आधी गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे मनानेच चालू ठेवलेली वेदनाशामक गोळी डॉक्टरांना दाखवावी. त्या एका गोळीचा हिशेब चाळीस कॅप्सूलपेक्षा मोठा निघण्याचा संभव आहे.

चिकाच्या या व्यापारात एक पक्ष बोलत नाही, तो म्हणजे वासरू. संकरित गाय पुष्कळदा वासराच्या गरजेहून अधिक चीक देते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे दूध काढून नेल्याने त्याचे नुकसान होईलच असे नाही. पण पहिल्याच धारेला भाव आला, की गोठेवाल्याचा हात कोणत्या धारेकडे जाईल हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी नको. रेडा किंवा गोऱ्हा असेल, तर त्याच्या वाट्याची चिंता आणखी कमी होते. जैन घरांत व्यालेल्या म्हशीचे दूध १५ दिवस, गाईचे १० आणि शेळीचे ८ दिवस घेऊ नये, असा संकेत परंपरेने सांगितला जातो आणि अनेक कुटुंबांत तो आजही पाळला जातो. त्यामागे शुद्धाशुद्धतेचा विचार सांगितला जातो. प्रतिपिंडांची भाषा तेव्हा कोणापाशी नव्हती. तरीही ज्या घरी हा संकेत पाळला गेला, तेथे चिकाचा थेंब न् थेंब वासराच्या पोटात गेला, एवढी नोंद करायला हरकत नाही. अशा घरी आता तोच चीक परदेशी नावाने बाटलीत येतो आणि त्याकडे कोणी त्या दृष्टीने पाहत नाही, हेही खरे.

जो चीक विकत आणावा लागत नाही, ज्याची मात्रा मोजावी लागत नाही आणि ज्याच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत मतभेद नाही, तो प्रत्येक प्रसूत मातेपाशी असतो. मानवी बाळ वासराइतके निष्कांचन जन्मत नाही. वारेतून त्याला आईचे काही प्रतिपिंड आधीच मिळालेले असतात. पण ते रक्तात असतात, आतडे उघडेच असते. आईच्या चिकात प्रामुख्याने असतात ते वेगळ्या जातीचे प्रतिपिंड. स्वीडनचे डॉक्टर लार्स हॅन्सन यांनी १९६० च्या सुमारास आईच्या दुधातील या प्रतिपिंडांची ओळख पटवली. ते रक्तात जात नाहीत, पचतही नाहीत. आतड्याच्या आतल्या बाजूला रंगाचा हात द्यावा तसे पसरतात. त्यातही विशेष हे, की आईच्या आतड्याने ज्या जीवाणूंना तोंड दिले असेल, त्यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड तिच्या स्तनांत उतरतात. ज्या घरात बाळ वाढणार, त्याच घरच्या जंतूंवरचा तो उतारा असतो. गाईच्या चिकाला हे कसे साधावे? लॅक्टोफेरिनही गाईच्या चिकापेक्षा मानवी चिकात कितीतरी अधिक असते.

पहिल्या दिवशी हे दूध फार थोडे, काही चमचेच येते. येथेच घरोघरी घोटाळा होतो. ‘दूध आलेच नाही’, ‘बाळाचा घसा सुकतो आहे’, ‘पहिले दूध जड असते, ते काढून टाका’ अशी वाक्ये खोलीत फिरू लागतात आणि कोणी तरी साखरपाण्यात कापूस बुडवते. इतर घरांत मध चाटवतात. मध वर्ज्य असलेल्या घरांत त्याची जागा साखरपाणी, गुळाचे पाणी किंवा गुटी घेते. प्रेमाने दिलेला हा थेंब निर्जंतुक नसतो. ज्या आतड्याला अजून पहिला थर मिळालेला नाही, त्यात तो जीवाणूंची पहिली तुकडी उतरवतो. पोट थोडे भरल्याने बाळ कमी ओढते आणि कमी ओढल्याने दूध उतरायला उशीर होतो.

या उशिराची किंमत घाना देशातील ग्रामीण भागात मोजली गेली. कॅरेन एडमंड आणि सहकाऱ्यांनी १०,९४७ बाळांची नोंद ठेवून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुळातच आजारी बाळे पिऊ शकत नाहीत आणि त्यामुळे हिशेब फसतो, म्हणून पहिल्या दोन दिवसांत दगावलेली बाळे त्यांनी गणनेतून वगळली होती. तरीही स्तनपानाला जितका उशीर, तितकी महिन्याच्या आत मृत्यूची शक्यता अधिक, असे दिसले. सर्व बाळांना पहिल्या दिवसापासून अंगावर घेतले असते, तर यांतील १६ टक्के मृत्यू टळले असते, आणि पहिल्या तासात घेतले असते तर २२ टक्के, असा त्यांचा अंदाज होता. एकाच वस्तूचा, फक्त वेळेतल्या फरकाचा हा परिणाम.

भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. रुग्णालयांत वा आरोग्यकेंद्रांत होणाऱ्या प्रसूती ८८.६ टक्के. जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बाळे ४१.८ टक्के. घरच्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीला दोष देण्याचे दिवस संपले. डॉक्टर, परिचारिका, वजनकाटा, सारे हजर असताना अर्ध्याहून अधिक बाळांचा पहिला तास रिकामा जातो. देशात पाचांपैकी एकाहून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने होतात. आईला भूल असते, बाळ दुसऱ्या खोलीत असते, नातेवाईक पेढे वाटण्यात आणि दूरध्वनी करण्यात गुंतलेले असतात. शस्त्रक्रियेनंतरही कमरेखालच्या भुलेत आई शुद्धीवर असते आणि कोणी आधार दिला, तर ती बाळाला अंगावर घेऊ शकते. ते घडत नाही, कारण ते करणे हे कोणा एकाचे काम म्हणून नेमलेले नसते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत तर प्रश्न थेट अंतर्विषाशी येऊन भिडतो. अशा बाळाच्या आतड्यात तो ब्यूटलर यांचा पहारेकरी प्रमाणाबाहेर तापट असतो, असे संशोधक मानतात. जीवाणूंची चाहूल लागताच दाह भडकतो आणि आतड्याचा तुकडाच्या तुकडा निकामी होऊ शकतो. मातेच्या दुधावर असलेल्या बाळांत हा आजार वरच्या दुधावरील बाळांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळतो. जे बाळ चोखूही शकत नाही, त्याच्या गालाच्या आतून आईच्या चिकाचे थेंब फिरवण्याची पद्धत आता अनेक नवजात अतिदक्षता विभागांत आहे.

या बाबतीत मुंबईने एक वाट पाडली आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मानवी दुग्धपेढी सुरू झाली. आशिया खंडातील ती पहिली. स्वतःच्या बाळाची गरज भागून ज्यांचे दूध उरते, त्या माता येथे दूध देतात. ते ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून, तपासून, गोठवून ठेवतात आणि ज्या दुर्बळ बाळांची आई आजारी आहे वा हयात नाही, त्यांना देतात. या तापवण्यात प्रतिपिंडांचा काही भाग नष्ट होतो, बराचसा टिकतो. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी स्वतःच्या आईचे ताजे दूध, ते नसेल तर पेढीतले, आणि दोन्ही नसतील तरच डब्यातले.

बाळंतपणाला घरातून जी वडीलधारी बाई सोबत जाते, तिने नाव नोंदवतानाच रुग्णालयाला दोन गोष्टी विचाराव्यात. पहिल्या तासात बाळाला आईजवळ कोण आणून देणार? आणि बाळ वेगळे ठेवावे लागले, तर आईचा चीक हाताने काढून द्यायला कोण शिकवणार? तो पंपाने फारसा निघत नाही, हलक्या हाताने दाबूनच निघतो आणि उकळून घेतलेल्या वाटीत थेंबाथेंबाने जमतो. चमचाभर जमला, तरी तो चमच्यानेच बाळाच्या तोंडात जावा, बाटलीने नव्हे. दर दोन-तीन तासांनी, रात्री सुद्धा, हे करत राहिले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येते.